ऑडिओबुक आणि श्रुतिका: आवाज मोजून फरक कळत नाही

"ऑडिओबुक ऐकलं, पण मजा नाही आली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस वाचतो." ही एक तक्रार नेहमी कानावर येते. दुसरं वाक्य याच्या बरोबर उलट: "ते पुस्तक? ऐकून झालं माझं." मग विचारावं तर कळतं की ऐकली ती दोन तासांची श्रुतिका, म्हणजे फक्त कानांनी ऐकायचं नाटक, आणि लेखकानं लिहिलेल्या वर्णनाची एक ओळही तिच्यात नव्हती. पहिल्यानं पुस्तकाकडून नाटकाची अपेक्षा केली, दुसऱ्यानं नाटक ऐकून पुस्तकावर मत ठोकलं. फँटसी, विज्ञानकथा आणि विनोद या तीन प्रकारांत हा घोळ सगळ्यात महागात पडतो. मी मुख्यतः हेच तीन ऐकतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

श्रुतिका काय असते हे आपल्या भागात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, समजावत बसायला नको. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागली की वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या सगळ्या टापूत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. संवाद कसा टाकायचा, एन्ट्री कुठे घ्यायची हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. त्या नाटकातून डोळ्यांना दिसणारं सगळं काढा, त्याच्या जागी दाराचा, पावलांचा, पावसाचा आवाज भरा, झाली श्रुतिका. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. रेडिओवर नाटक ऐकणं आपल्या आजोबांनाही नवं नव्हतं. पुढे चला.

ऑडिओबुक म्हणजे छापलेलं पुस्तक कुणीतरी मोठ्यानं वाचलेलं. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठीत हा प्रकार बराच फोफावला. श्रुतिकेत संगीत जास्त, ऑडिओबुकात कमी. श्रुतिका छोटी, ऑडिओबुक लांबलचक. श्रुतिकेत नट अनेक, ऑडिओबुकात बहुधा एक. हे सगळे फरक खरे आहेत आणि कुणाला सांगावे लागत नाहीत. यातला शेवटचा मात्र लोकांना फसवतो. आवाज मोजायचे, एक असला तर ऑडिओबुक आणि दहा असले तर श्रुतिका, असा हिशोब सर्रास केला जातो. तो चुकीचा आहे.

फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या फँटसी मालिकेचं ध्वनिमुद्रण घ्या. निवेदन लेखकानं स्वतः वाचलंय आणि प्रत्येक पात्राचे संवाद वेगळ्या नटानं म्हटलेत. भलामोठा नटसंच आहे, तरी ते शंभर टक्के ऑडिओबुक आहे, कारण पुस्तक संक्षिप्त न करता अख्खं वाचलंय. उलट एकच नट सगळ्या भूमिका करत असेल, पण संहिता संवादांपुरती छाटून नव्यानं बांधलेली असेल, तर ती श्रुतिकाच.

तेव्हा कान लावायचा तो निवेदनाकडे. पात्रांच्या तोंडी नसलेलं, लेखकानं स्वतःच्या आवाजात सांगितलेलं जे वाक्य आहे, ते जागेवर आहे की गेलं? ऑडिओबुकात ते राहतं. श्रुतिकेत ते जातं आणि त्याचं काम संवादावर किंवा आवाजावर टाकलं जातं. संवादाला आणि आवाजाला ते काम झेपतं का, हा खरा प्रश्न.

विनोदापासून सुरुवात करतो, कारण तिथे नुकसान लगेच दिसतं. समजा एका गोष्टीत असं वाक्य आहे: "सरपंचांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि सरपंचांनी कात्री सवयीनं खिशात घातली." वाचणाऱ्यानं हे सरळ, गंभीर चेहऱ्यानं वाचलं तरी हसू येतं. आता याची श्रुतिका करा. कात्रीचा कच्च आवाज येईल, टाळ्या येतील. कात्री खिशात गेली हे कसं ऐकवणार? खिशाला आवाज नाही. मग शिपायाच्या तोंडी घालावं लागेल, "साहेब, कात्री खिशात घातली तुम्ही!" झाली माती. आता तो आरोप झाला, सरपंचांना उत्तर द्यावं लागणार आणि प्रसंग भांडणाकडे जाणार. शिवाय "सवयीनं" कोण म्हणणार? त्या मांडवात उभ्या असलेल्या कुणालाही ते म्हणता येत नाही. ते फक्त गोष्ट सांगणाऱ्याला म्हणता येतं, आणि सगळी गंमत तिथेच होती.

सगळाच विनोद असा असतो असं मी म्हणत नाही. दोघांची जुगलबंदी, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं शब्दात पकडायचं, हा विनोद श्रुतिकेत खुलतो. दंडार किंवा खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यांतल्या सोंगाड्याचं हजरजबाबी बोलणं एका माणसानं दोन आवाज काढून वाचलं तर त्यातली धार जाते. तिथे समोर दुसरा माणूसच हवा. माझी निवड सोपी आहे. विनोद बोलण्यात असेल तर श्रुतिका, सांगण्यात असेल तर ऑडिओबुक. मराठीतलं बरंचसं चांगलं विनोदी गद्य सांगण्यातलं आहे, म्हणून त्याची श्रुतिका करायला कुणी निघालं की माझ्या पोटात गोळा येतो.

या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण इंग्रजीतलं आहे, आणि ते विज्ञानकथा आणि विनोद दोन्ही आहे. डग्लस अॅडम्सची 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' पुस्तक म्हणून जन्मलीच नाही. ती बीबीसी रेडिओ ४ वर ८ मार्च १९७८ ला श्रुतिका म्हणून सुरू झाली. कादंबरी आली १९७९ मध्ये. अॅडम्सचा विनोद तर सगळा सांगण्यातला! मग श्रुतिकेत तो टिकला कसा? त्यानं सांगणाऱ्यालाच पात्र केलं. कथेत एक मार्गदर्शक ग्रंथ आहे, तो ग्रंथच मधेमधे बोलतो, आणि त्याचा आवाज पीटर जोन्स या नटानं दिला. नाटक थांबतं, ग्रंथ शांतपणे एखादी अचाट माहिती देतो, नाटक पुढे सुरू. निवेदन गेलं तर आपला विनोद मरेल हे त्यानं ओळखलं होतं.

पहिल्या कादंबरीत रेडिओच्या पहिल्या चार भागांचा मजकूर आहे, म्हणजे रेडिओवर साधारण दोन तास. त्याच कादंबरीचं स्टीफन फ्राय या नटानं वाचलेलं ऑडिओबुक जवळपास सहा तासांचं आहे. गोष्ट तीच. वरचे चार तास म्हणजे मुख्यतः सांगणं.

विज्ञानकथेत अडचण वेगळी येते. तिथे कल्पना समजावून सांगावी लागते आणि श्रुतिकेत समजावणारा कुणी नसतो. मग दोन शास्त्रज्ञ एकमेकांना, दोघांनाही आधीच ठाऊक असलेलं, सांगत बसतात. "प्रोफेसर, तुम्हाला माहीतच आहे की प्रकाशाचा वेग..." माहीत आहे तर सांगतोस कशाला बाबा! मला या वाक्याची चीड आहे. ते आलं की मी बंद करतो.

त्याहून वाईट म्हणजे अवकाशातले स्फोट. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाज पसरत नाही. ऑडिओबुकात लेखक लिहू शकतो: "शेजारचं यान फुटलं. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या तिघांना चहा संपेपर्यंत ते कळलं नाही." अंगावर काटा येतो. श्रुतिकेला इथे धडाम् केल्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण आवाज केला नाही तर ऐकणाऱ्यालाही काही कळणार नाही. विज्ञानकथेतून विज्ञानच गेलं.

यातूनही वाट काढलेली आहे. एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही मंगळवासी पृथ्वीवर चाल करून येतात ती १८९८ ची कादंबरी, त्यातला निवेदक मागे वळून आठवण सांगतो. ऑर्सन वेल्स या अमेरिकन नट-दिग्दर्शकाच्या मंडळींनी ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेच्या सीबीएस रेडिओवर ती केली तेव्हा पूर्वार्धात निवेदनाच्या जागी बातमीपत्रं आणली. संगीताचा कार्यक्रम चालू आहे, तो तोडून बातमी येते, परत संगीत, परत बातमी. उत्तरार्धात मात्र मुख्यतः एक प्रोफेसरच बोलत राहतो, म्हणजे निवेदन मागच्या दारानं परत आलंच. या कार्यक्रमानं उडालेल्या घबराटीच्या कथा लोक अजून चवीनं सांगतात. वर्तमानपत्रांनी त्या पुष्कळ फुगवल्या होत्या. सांगण्याजोगी गोष्ट आहे ती बातमीपत्राची युक्ती.

फँटसीबद्दल थोडक्यात. तिथलं जग पात्रं बोलतात त्यात कमी आणि वर्णनात जास्त असतं. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची बीबीसीनं १९८१ मध्ये अर्ध्या अर्ध्या तासाच्या २६ भागांत श्रुतिका केली. काम फार मोलाचं आहे, मला मनापासून आवडतं. पण ते तेरा तास. रॉब इंग्लिसनं एकट्यानं वाचलेलं अख्खं पुस्तक पन्नास तासांच्या वर जातं. श्रुतिकेत टॉम बॉम्बाडिल हे पात्र नाहीच. ती ऐकून "पुस्तक ऐकलं" म्हणणाऱ्याला तो कधी भेटलेलाच नसतो. मराठीतल्या अद्भुत श्रुतिकांबद्दल माझी तक्रार साधी आहे: प्रत्येक राक्षस, प्रत्येक अजगर, प्रत्येक अज्ञात श्वापद वाघासारखंच गुरगुरतं. ज्यांनी ताडोब्याच्या अलीकडे-पलीकडे रात्री काढल्यात त्यांना तो आवाज कशाचा आहे हे पहिल्या सेकंदात कळतं आणि राक्षस तिथेच संपतो. "असा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता" एवढं एक वाक्य वाचलं असतं तर काम झालं असतं.

ऑडिओबुकवाल्यांनाही सोडत नाही. निवेदन शाबूत ठेवायचं आणि वरून नाटक चढवायचं, ही नवी खोड आहे. वाक्याखाली सतत बासरी नाहीतर सिंथेसायझर. बायकांचे संवाद नाकातून. आणि ज्याचा मला खरोखर राग येतो ते म्हणजे बोली. पुस्तकात पहारेकरी, नोकर, गुराखी यांची भाषा साधी प्रमाण मराठी छापलेली असते. वाचणारा मात्र हशा मिळवायला त्यांना "विदर्भातली" बोली लावतो. राजा शुद्ध बोलतो, जादूगार शुद्ध बोलतो, आणि त्याचं ओझं वाहणारा "काहून बाप्पा" करतो. लावलेली बोलीही धड कुठलीच नसते. वऱ्हाडी वेगळी, आमच्याकडची झाडीबोली वेगळी, आणि दोन्हींत लोक प्रेम करतात, शोक करतात, हिशोब करतात. लेखकानं लिहिलं नसेल ते वाचणाऱ्यानं घालू नये.

एकच माणूस वाचतो हे खटकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. धानाच्या राखणीला सोबत असणारे एक काका आहेत, झाडीपट्टीच्या नाटकांत उमेदवारी केलेले. त्यांना एक विज्ञानकथा ऐकवली. बराच वेळ शांत बसले, मग म्हणाले, "अर्धा तास झाला, एकच मानूस बोलून रायला. बाकीचे नट कवा येतीन?" म्हटलं, काका, नट यायचेच नाहीत, जे चाललंय तीच गोष्ट आहे. "मंग आधी सांगाचं ना! म्या त एन्ट्रीची वाट पाऊन रायलो." त्यांचं बरोबर होतं. वाट एन्ट्रीची पाहत बसल्यामुळे यानाचं, ग्रहाचं सगळं वर्णन त्यांच्या कानावरून गेलं होतं. ते त्यांनी परत पहिल्यापासून लावायला सांगितलं.

राखणीवरून आठवलं. डुकरांची चाहूल घ्यायची तर एक कान मोकळा ठेवावा लागतो. एका कानात श्रुतिका ऐकली तर डावी-उजवीकडे वाटलेले आवाज अर्धे गळतात. फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, दोन्ही बाजू एकाच कानात येतात. तरीही रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत श्रुतिका नकोच: वरून पाऊस, कानात पाऊस, कथेतला कुठला आणि बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, कुठला ते कळत नाही. एका आवाजाचं ऑडिओबुक मळणी यंत्राच्या घरघरीतही समजतं. वेग वाढवायचा तर विज्ञानकथेचं ऑडिओबुक सव्वापट चालतं. विनोद कधीही वाढवून ऐकू नका, त्यातली थांबण्याची जागा वेगात नाहीशी होते.

डाउनलोड करण्याआधी फक्त लांबी बघा. इंग्रजी ऑडिओबुकात तासाला साधारण नऊ हजार शब्द वाचले जातात, म्हणजे लाखभर शब्दांची कादंबरी दहा-अकरा तासांची व्हायला हवी. तीच तीन तासांत संपत असेल तर ती श्रुतिका आहे किंवा संक्षिप्त आवृत्ती. वर्णनात "रूपांतर" किंवा "नाट्यरूपांतर" दिसलं तर संहिता बदललेली आहे. ग्राफिकऑडिओसारखे काही निर्माते निवेदन ठेवतात, पण "तो म्हणाला, ती म्हणाली" छाटून त्या जागी नट आणि आवाज आणतात. तलवारबाजीच्या जाडजूड फँटसीला ते शोभतं, विनोदाला मी ते लावणार नाही. सुरुवात कुठून करायची असं विचाराल, आणि इंग्रजी कानाला झेपत असेल, तर अॅडम्स घ्या. आधी रेडिओवरची श्रुतिका, नंतर फ्रायनं वाचलेलं पुस्तक, याच क्रमानं.