ऑर्वालची ब्रुअरी: पडका मठ पुन्हा उभा करायला काढलेली

ऑर्वाल मठाच्या ब्रुअरीतल्या, म्हणजे बिअरच्या कारखान्यातल्या, बाटलीवर तोंडात अंगठी धरलेला ट्राउट मासा असतो. दंतकथा अशी की इटलीतल्या टस्कनीची राज्यकर्ती माटिल्डा हिची अंगठी तिथल्या झऱ्यात पडली, तिने प्रार्थना केली आणि माशाने ती वर आणून दिली, म्हणून ती जागा सोन्याची दरी, फ्रेंचमध्ये वाल दोर, आणि त्यातलेच शब्द उलटे करून ऑर्वाल.

बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या बॉर्डरला लागून हा मठ आहे. 1070 च्या सुमारास इटलीहून मठवासी आले, 1132 मध्ये सिस्टर्सियन या कॅथलिक पंथाचे मठवासी आले. इथे बिअर जुनीच, 1628 मधल्या मठाधिपतींच्या एका लिखाणात मठवासी बिअर आणि वाइन पितात असा उल्लेख आहे. मग 1793 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने मठ जाळला आणि पुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तिथे नुसते पडके दगड होते.

1926 मध्ये द हारेन कुटुंबाने ती जागा परत सिस्टर्सियनांना दिली. मारी-आल्बेर व्हान देर क्रुइसेन या मठवासीने बांधकामाची जबाबदारी घेतली, आर्किटेक्ट आंरी व्हास. आता एवढा अवाढव्य मठ बांधायचा म्हणजे पैसा पाहिजे, त्यासाठी पोस्टाची खास तिकिटंसुद्धा निघाली, पण नुसत्या देणग्यांवर भागणार नव्हतं म्हणून 1931 मध्ये ब्रुअरी काढली. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की मठ आधी पूर्ण करू आणि मग बिअरचं बघू असं झालं नाही, बिअर विकून मठ बांधला. नवीन चर्चचं पवित्रीकरण व्हायला 1948 उजाडलं.

आणि रेसिपी? बरेच जण शेकडो वर्षांची रेसिपी समजून पितात, पण तसं नाहीये. पहिला ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारा मुख्य माणूस, पापेनहाइमर जर्मन होता, आणि बिअर मुरत असताना तिच्यात कच्चे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) टाकायची पद्धत इंग्लंडकडची, जी इथे बेल्जियन सहकाऱ्यांमुळे आली. शिवाय बाटलीत भरताना ब्रेटॅनोमायसीस नावाचं जंगली यीस्ट (आंबवणारी सूक्ष्म बुरशी) घालतात, ते बाटलीत हळूहळू काम करत राहतं, त्यामुळे ताजी बाटली हॉप्सच्या वासाची आणि कडवट लागते आणि वर्षभर ठेवलेली जास्त कोरडी, वास तर पार बदललेला. म्हणजे हे पुनरुज्जीवन जुन्या चवीचं नाही, मठाने स्वतःच्या कष्टावर जगायचं या जुन्या नियमाचं आहे, आणि मला तरी ते जास्त मोलाचं वाटतं.

ट्रॅपिस्ट, म्हणजे सिस्टर्सियनांच्या कडक शाखेच्या मठांत बनलेल्या बिअरला मिळणाऱ्या शिक्क्याची अटही तीच आहे, बिअर मठाच्या आवारात, मठवासींच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि पैसा नफेखोरीसाठी नाही तर मठाच्या खर्चाला आणि दानधर्माला गेला पाहिजे. रोजचं काम आता बाहेरचे पगारी लोक करतात. बाजारात येते ती एकच बिअर. मठवासींची स्वतःची हलकी बिअर वेगळी असते, ती प्यायची तर मठाजवळच्या खानावळीत जावं लागतं.