खा-खा सुटते, त्यावर डाएट हा इलाज नव्हे

पंगतीत चार जिलब्या जास्त खाल्ल्या तर तो आजार नव्हे. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये साधारण दोन तासांच्या आत एरवी कुणी खाणार नाही एवढं खाल्लं जातं, आणि मुख्य म्हणजे हात थांबत नाही. भूक नसताना, भराभर, लपून, पोट दुखेपर्यंत. नंतर स्वतःचीच किळस. आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने चाललं आणि बुलिमिया या खाण्याच्याच दुसऱ्या आजारासारखं नंतर उलट्या काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं नसलं, तर हे निदान होतं. २०१३ साली ‘डीएसएम-५’ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेने, त्याला स्वतंत्र आजार मानलं.

रुग्ण येतो वजनाची तक्रार घेऊन आणि परततो डाएटचा कागद घेऊन. इथेच घोडं पेंड खातं. दिवसभर पोट मारायचं, संध्याकाळी फरसाणाचा डबा रिकामा करायचा, रात्री अपराधी वाटून घ्यायचं आणि उद्यापासून आणखी कडक डाएट! म्हणून उपचारात आधी येतं वेळेवर खाणं.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे सीबीटीचा: विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार. उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१७च्या सूचनांनुसार प्रौढांनी सुरुवात सीबीटीच्या स्वयंमदत पुस्तकाच्या आधाराने करावी. जोडीला १६ आठवड्यांत थेरपिस्टच्या वीस-वीस मिनिटांच्या ४ ते ९ भेटी. चार आठवड्यांत उपयोग दिसला नाही, तर गटात दीड-दीड तासाची १६ सत्रं. गट नको असेल तर थेरपिस्टबरोबर एकट्याची १६ ते २० सत्रं.

यातलं खरं काम वहीत होतं. खाल्ल्या-खाल्ल्या लिहायचं: वेळ, जागा, काय खाल्लं, त्याआधी काय घडलं, ताबा सुटला असेल तिथे फुली. कॅलरी लिहायच्या नाहीत. रात्री आठवून लिहिलेली वही फारशी कामाची नाही, कारण नेमकं लाजेचं तेवढंच गळतं. दोन आठवड्यांत फुल्यांची जागा कळू लागते: दुपारचं जेवण चुकलेला दिवस, भांडण, रिकामं घर. मग तीन जेवणं आणि दोन-तीन छोटी खाणी ठरवायची, मध्ये चार तासांहून जास्त अंतर नको. संकष्टी-एकादशीचे उपास या काळात बाजूला ठेवलेले बरे. रात्री ताबा सुटला तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. लोक हमखास घसरतात ते इथेच.

वजन आठवड्यातून एकदाच बघायचं. थेरपीने खा-खा थांबते, पण वजन फारसं उतरत नाही. हे आधीच सांगितलं नाही तर रुग्ण मध्येच सोडून जातो.

औषधं दुय्यम. अमेरिकेत २०१५ साली लिसडेक्सअँफेटामीनला मध्यम ते तीव्र आजारासाठी मंजुरी मिळाली: सुरुवात ३० मिलिग्रॅमने, मग ५० ते ७०पर्यंत. त्याची सवय लागू शकते, हृदयविकारात ते टाळतात आणि वजन उतरवण्यासाठी ते नाहीच. टोपिरामेट या फिट्सवरच्या औषधानेही खा-खाचे झटके कमी होतात; मात्र हातापायांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, आणि गर्भारपणात ते बाळाला घातक आहे. मधुमेहात इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. मानसोपचारतज्ज्ञ कुठे गाठायचा हे सुचत नसेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे १४४१६.