पुढच्याला ठेच, तरी मागचा येडाच

पैठणचा आमचा भाचा मंगळूरजवळच्या मुल्कीला चार दिवस सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणं, शिकून आला. आल्या आल्या विचारतो, "मामा, आपला नाथसागर काय लहान हाय का? इथं का नाही जमत?"

जायकवाडी धरणाचा हा जलाशय सुमारे 55 किलोमीटर लांब, म्हणजे प्रश्न वावगा नाही. पण वाऱ्याला लाट वाढवायला अंतर लागतं, वेळही लागतो. नाथसागरात दोन-तीन सेकंदांना एक लाट येते, दोन शिखरांत 6 ते 14 मीटर. मुल्कीला येणारी लांब लाट हजारो किलोमीटर दक्षिणेच्या वादळात जन्मलेली असू शकते. खोल समुद्रात 12 सेकंदांच्या लाटेची लांबी (शिखर ते शिखर अंतर) भरते सुमारे 225 मीटर आणि वेग ताशी 67 किलोमीटर. (लाटांचा जथा मात्र याच्या निम्म्याच वेगानं सरकतो. पुढची लाट विरते, मागे नवी उगवते. गणित जरूर करून बघा.)

खरी गंमत किनाऱ्याशी. खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की तिला तळ जाणवतो. अगदी उथळात तिचा वेग खोलीवरच ठरतो : 9.8 गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. 1.3 मीटर पाण्यात तो ताशी जेमतेम 13 किलोमीटर उरतो. मागून ऊर्जा येतच असते, म्हणून लाट आखडते आणि उंच होते. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण इथं चालत नाही. शिखराखाली पाणी जास्त, म्हणून शिखर पायथ्यापेक्षा जोरात पळतं, पुढं झुकतं आणि कोसळतं. मीटरभर उंचीची लाट साधारण छातीएवढ्या पाण्यात फुटते.

तळाचा उतार मंद असेल तर फेस माथ्यावरून हळूहळू ओघळतो आणि फळीला लांबवर ढकलत नेतो. नवशिक्याला हेच हवं. उतार तीव्र असला की लाट कमान करून आपटते. तळावरचे वाळूचे बांध पावसाळ्यात सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षीची चांगली जागा यंदा तशीच असेल असं नाही.

"अमावास्येला समुद्र माणूस ओढतो," असं आईनं भाच्याला बजावलं होतं. चंद्रामुळे येते ती भरती-ओहोटी. या लाटा वाऱ्याच्या. माणूस ओढतो तो वाळूच्या बांधांतल्या फटीतून परतणारा प्रवाह, आणि तो तिथी बघत नाही. तिथं लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत वाटतं. सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहा.

या लाटांचा सरकारी अंदाज निघतो हैदराबादेतून, तिथंही समुद्र नाही. भाचा आता पैठणला बसून मोबाइलवर मुल्कीचे सेकंद मोजतो.