गृहनिरीक्षक परवाना व नियमन (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

अमेरिकेत घर विकत घेताना व्यवहार पुरा होण्याआधी घेणारा स्वतःच्या खर्चाने घराची तपासणी करवून घेतो. ही तपासणी करणाऱ्याला होम इन्स्पेक्टर किंवा गृहनिरीक्षक म्हणतात. त्याला परवाना लागतो का, त्याचे शिक्षण किती असावे, त्याच्या नजरेतून काही सुटले तर भरपाई कोणी द्यायची, या गोष्टी केंद्र सरकार ठरवत नाही. त्या राज्याराज्यांवर सोडलेल्या आहेत. तीसहून अधिक राज्यांत परवाना किंवा नोंदणी सक्तीची आहे. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, मिशिगन, मिनेसोटा यांसारख्या राज्यांत मात्र तशी सक्ती नाही. शिडी, टॉर्च आणि व्हिजिटिंग कार्ड एवढ्या भांडवलावरही तेथे धंदा सुरू करता येतो.

हा नगरपालिकेचा बिल्डिंग इन्स्पेक्टर नव्हे. बिल्डिंग इन्स्पेक्टर बांधकाम नियमांप्रमाणे झाले का ते पाहतो. गृहनिरीक्षक घराची आजची अवस्था पाहतो. दोन-तीन तासांत तो छपरावर चढतो, माळ्यावर शिरतो, तळघरात किंवा जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत सरपटत जातो, विजेच्या पॅनेलचे झाकण उघडतो, हीटर आणि नळ चालवून बघतो. भिंत फोडायची नाही, जे दिसते तेवढेच लिहायचे, ही कामाची मर्यादा. लाकडी सांगाड्याच्या घरांत ओल आणि वाळवी नेमकी न दिसणाऱ्या जागी असते, त्यामुळे पुढचे बहुतेक तंटे या मर्यादेवरूनच होतात. वाळवी आणि रेडॉन (जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सर्गी वायू) यांच्या तपासणीसाठी अनेक राज्यांत वेगळा परवाना लागतो.

हा व्यवसाय १९७० च्या दशकात आकाराला आला. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही संघटना १९७६ ची. त्याला खरा जोर मिळाला तो १९८४ मधील कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाच्या एका निकालाने. १,७०,००० डॉलरला विकले गेलेले एक घर नीट न दाबलेल्या भरावावर उभे होते. पुढे जमीन खचली आणि घराची किंमत २०,००० डॉलरपर्यंत खाली आली. उतारावर माती धरून ठेवण्यासाठी लावलेली जाळी विकणाऱ्याच्या एजंटांना दिसली होती, पण त्यांनी पुढे चौकशी केली नव्हती. डोळ्यांना दिसेल तेवढे तपासून घेणाऱ्याला सांगणे हे एजंटाचेही कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. तेव्हापासून ही जबाबदारी दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर गेलेली बरी, असे एजंटांना वाटू लागले आणि तेच गिऱ्हाइकांना निरीक्षक नेमण्याचा आग्रह धरू लागले. नियमनातला कळीचा प्रश्न इथेच जन्मला : निरीक्षकाला पैसे घेणारा देतो, पण त्याला काम मिळते एजंटाच्या शिफारशीने. व्यवहार मोडेल असा अहवाल देणाऱ्याला एजंटांच्या बोलीत ‘डील किलर’ म्हणतात, आणि त्याचा फोन हळूहळू वाजेनासा होतो.

मॅसॅच्युसेट्सने या गाठीलाच हात घातला. तेथील कायद्यानुसार विकणाऱ्याच्या बाजूच्या एजंटाला ठरावीक निरीक्षकाचे नाव सुचवता येत नाही; फार तर परवानाधारकांची पूर्ण यादी हातात द्यायची. घेणाऱ्याशी लेखी करार केलेल्या एजंटाला मात्र सूट आहे. कॅलिफोर्नियाने परवाना न आणता १९९६ च्या कायद्याने दुसरी वाट बंद केली : ज्या घराची तपासणी केली, त्याची दुरुस्ती पुढचे बारा महिने त्या निरीक्षकाने पैसे घेऊन करायची नाही. नसलेले दोष दाखवून स्वतःच कंत्राट मिळवण्याचा मोह त्यामुळे आटोक्यात राहतो. परवाना असलेल्या कित्येक राज्यांच्या अभ्यासक्रमांपेक्षा ही एक ओळ जास्त कामाची आहे.

निरीक्षकांना कायद्याच्या चौकटीत आणणारे पहिले राज्य म्हणून टेक्सासचे नाव घेतले जाते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तेथे नोंदणी सुरू झाली आणि पुढे परवाना आला. इतर राज्ये कमीत कमी काय तपासायचे ते ठरवतात, टेक्सास अहवालाचा नमुनाही ठरवून देते. प्रत्येक बाबीपुढे चार चौकटी असतात : तपासले, तपासले नाही, अस्तित्वात नाही, सदोष. यातला चौथा शब्द भांडणाचे मूळ. जुन्या घराच्या स्वयंपाकघरात विजेच्या धक्क्यापासून वाचवणारे आजच्या पद्धतीचे सॉकेट नसेल, तर घर बांधले तेव्हा तसा नियम नसला तरी ‘सदोष’वर खूण करावी लागते. घर बांधले तेव्हा हे कदाचित नियमबाह्य नसेल, असा खुलासा त्याच नमुन्यात छापलेला असतो. तरी घासाघीस करताना घेणारा त्या खुणेवरच बोट ठेवतो.

शिक्षणाच्या अटींत एकवाक्यता नाही. न्यू जर्सीत १८० तास, न्यू यॉर्कमध्ये १४० तास, दोन्हीकडे त्यांतले ४० तास प्रत्यक्ष घरांत. फ्लोरिडात १२०, तर २०१९ मध्ये परवाना आणणाऱ्या ओहायोत ८० तास. बऱ्याच राज्यांत चार तासांची, २०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा चालते. पेनसिल्व्हेनियात राज्याचा परवाना नाही. २००० च्या कायद्याने निरीक्षकाला राष्ट्रीय संघटनेचे सभासदत्व बंधनकारक केले, आणि पूर्ण सभासदत्वासाठी शंभराहून अधिक तपासण्यांचा अनुभव लागतो. परवाना एकदा आला की कायमचा, असेही नाही. कॅन्सासच्या कायद्याची मुदत २०१३ मध्ये संपली आणि ती पद्धतच बंद पडली.

भरपाईच्या बाबतीत विमा हा आधार. टेक्सासमध्ये किमान १,००,००० डॉलरचा व्यावसायिक दायित्व विमा लागतो, न्यू जर्सीत ५,००,००० चा. तरी बारीक अक्षरांतल्या कराराने निरीक्षक स्वतःची जबाबदारी आपल्या फीपुरती मर्यादित करू पाहतात. न्यू जर्सीतल्या एका प्रकरणात ३८५ डॉलर फी घेऊन दायित्वाची मर्यादा तिच्या निम्म्यावर आणली होती, आणि गळक्या छपराचा खर्च काही हजारांत गेला होता. २००४ मध्ये अपील न्यायालयाने ते कलम अन्यायकारक ठरवून रद्द केले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशी अट मुळातच अवैध आहे. सगळ्या राज्यांतली न्यायालये इतकी कडक नाहीत.

करोनाकाळातल्या घरखरेदीच्या झुंबडीत अनेकांनी बोली उजवी ठरावी म्हणून तपासणीचा हक्कच सोडून दिला. ज्याला बोलावलेच नाही त्याच्या परवान्याचा काय उपयोग? मॅसॅच्युसेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून तपासणी सोडण्याची अट घालून प्रस्ताव स्वीकारायला विकणाऱ्यांना बंदी केली.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना रेडॉनची चाचणी आणि अंगणात पुरलेली, घर गरम ठेवायच्या तेलाची टाकी हे शब्द पहिल्या घराच्या वेळीच कळतात, कारण आपल्याकडे तशी पद्धत नाही. महाराष्ट्रात या व्यवसायाला परवाना नाही. रेराखाली बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डरवर असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायचे असते. पण ते इमारतीचे. वीस वर्षे जुना फ्लॅट घेणारा अजून ओळखीचा प्लंबर नाहीतर मेहुण्याचा इंजिनिअर मित्र बरोबर नेतो.