६२५ची गोळी ५००पेक्षा ‘स्ट्राँग’ नसते

अ‍ॅमॉक्सिसिलिन बहुतेकांना माहीत असतं. पेनिसिलिनच्या कुळातलं औषध, जिवाणूंना पेशीभित्तिका बांधू देत नाही, सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर चालत नाही. गोंधळ होतो तो अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हपाशी, म्हणजे अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड एकत्र असलेल्या गोळीपाशी. साधी अ‍ॅमॉक्सिसिलिनची ती ‘पाचशे’, ही जोडीची ‘सहाशेपंचवीस’. ‘पाचशेनं गुण नाही ना, मग सहाशेपंचवीस घे, ती स्ट्राँग असते’ हा सल्ला चांगली शिकलेली माणसंही देतात. तो साफ चुकीचा आहे.

६२५च्या गोळीतही अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमच असतं. वरचे १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडचे, आणि ते स्वतः जिवाणू मारण्यात फारच दुबळं. त्याचं काम वेगळं. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम तयार करतात. ते अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम नावाचं कडं (अणूंचं वलय) तोडतं आणि औषध निकामी होतं. क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड या एन्झाइमलाच चिकटून ते बंद पाडतं, म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिन शाबूत राहतं.

म्हणजे दोन्हींतून निवड करताना ‘आजार किती जोरात आहे’ एवढंच विचारून भागत नाही. जिवाणू कोणता आणि तो हे एन्झाइम बनवतो का, हे पाहावं लागतं. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस ते बनवत नाही; तिथे साधं अ‍ॅमॉक्सिसिलिन पुरतं, क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड नुसतं पोटात जातं. न्यूमोनिया करणारा जिवाणू न्यूमोकॉकस औषधाला दाद देत नाही तेव्हा त्यानं औषध जिथे चिकटतं ती प्रथिनंच बदललेली असतात. तिथेही ही जोडगोळी उपयोगाची नाही. उलट कुत्रं-मांजर चावल्याच्या जखमेत एन्झाइमवाले जिवाणू असू शकतात, म्हणून तिथे डॉक्टर सहसा अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हच निवडतात.

अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हच्या ३७५च्या दोन गोळ्या म्हणजे ६२५ची एक, हा हिशेबही सोडा. ३७५मध्ये २५० अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि तेच १२५ क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड असतं. दोन घेतल्या की अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० होतं खरं, पण क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड दुप्पट, २५० होतं.

आणि ते फुकट पचत नाही. साध्या अ‍ॅमॉक्सिसिलिनपेक्षा अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हनं जुलाब जास्त होतात. जेवणाच्या सुरुवातीला गोळी घेतली तर त्रास कमी होतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना धोका दोन्हींचा सारखाच आहे, ‘ही वेगळी गोळी आहे’ या समजुतीवर राहू नये. यकृताला इजा मात्र अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हमुळे अधिक दिसते, विशेषतः वयस्कर पुरुषांत. ती क्वचित होते, पण कधीकधी गोळ्या संपून काही आठवडे उलटल्यावर उघड होते, त्यामुळे औषधाशी तिचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला सतत खाज सुटली, तर महिन्यापूर्वी संपलेल्या त्या गोळ्यांचं नाव डॉक्टरांना आवर्जून सांगा.