क्रेटर लेक पायवाट (मरून बेल्स, कोलोरॅडो)

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, ॲस्पेन शहराजवळच्या मरून तलावापासून क्रेटर लेकपर्यंत जाणारी डोंगरवाट. व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात ती येते. राष्ट्रीय वन म्हणजे राष्ट्रीय उद्यान नव्हे. त्याचा कारभार कृषी खात्याच्या अखत्यारीतील वनसेवा पाहते. हे वन १८९१ साली राखीव झाले. पायवाटेचा वरचा भाग मरून बेल्स-स्नोमास वन्यक्षेत्रात असल्याने तिथे सायकल आणि ड्रोन दोन्हींना बंदी आहे.

मरून तलाव सुमारे २,९२० मीटर उंचीवर आणि क्रेटर लेक सुमारे ३,०७० मीटरवर आहे. म्हणजे दोन्हींतला फरक जेमतेम दीडशे मीटर. जाऊन-येऊन अंतर साधारण सहा किलोमीटर भरते. रमतगमत अडीच-तीन तास पुरतात. चढ अंगावर येणारा नाही, म्हणून ही वाट सोपी ते मध्यम मानली जाते. दमवते ती उंची. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. ही वाट सुरूच होते त्याच्याहून सुमारे पावणेतेराशे मीटर वर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो. विमानाने येऊन दुसऱ्याच दिवशी चालायला निघालेल्यांना डोकेदुखी, मळमळ आणि धाप यांचा त्रास होतो. ॲस्पेनमध्ये एक-दोन रात्री काढून मग निघावे आणि माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी गाळून-उकळूनच प्यावे. त्रास वाढू लागला तर बसून राहू नये, खाली उतरावे; उपाय तोच.

मरून तलावाच्या काठाने वाट सपाट जाते. मग ॲस्पेनच्या झाडीत शिरून चढू लागते. पांढऱ्या खोडांची ही झाडे मुळांतून फुटवे काढत पसरतात, त्यामुळे एका उतारावरची अनेक झाडे प्रत्यक्षात एकाच झाडाचे फुटवे असतात. सप्टेंबरच्या अखेरीस पाने पिवळी होतात. गर्दी सर्वांत जास्त तेव्हाच. झाडी संपली की कोसळलेल्या दगडांचा खच लागतो. वाट खरी इथेच जपून चालण्याची. सुटे दगड पायाखाली गडगडतात आणि घोटा मुरगळतो, बहुतेक वेळा उतरताना. घोटा धरणारे, जाड तळव्याचे बूट हवेत. याच दगडांत पिका नावाचा, सशाचा नातलग असलेला छोटा प्राणी राहतो. त्याची शिट्टी ऐकू येते, पण तो दिसायला धीर धरावा लागतो.

नावात ‘क्रेटर’ असले तरी इथे ज्वालामुखी नाही. दगडमातीच्या ढिगाऱ्याने दरीत बांध घातला आणि त्यामागे पाणी साठले. वितळत्या बर्फामुळे जूनमध्ये तळे चांगले भरते. पुढे ओघ आटतो आणि पाणी बांधातून झिरपत राहते, त्यामुळे शरद ऋतूत अनेकदा गाळाचे मैदान आणि मधोमध थोडे पाणी एवढेच उरते. पाण्यात पडलेले शिखरांचे प्रतिबिंब पाहायचे तर जून-जुलै गाठावा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र वाटेवर बर्फ असू शकतो.

समोरची जोडशिखरे म्हणजेच मरून बेल्स; ती चार हजार तीनशे मीटरच्या आसपास आहेत. त्यांचा तांबूस-जांभळा रंग लोहयुक्त पंकाश्माचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा. हा खडक थरांनी सुटतो आणि हाताशी धरलेला कंगोरा निखळून येतो. १९६५ साली या शिखरांवर काही अपघातांत आठ जण दगावले. तळ्यापलीकडे शिखराकडे ‘थोडे वर’ जाऊन पाहण्याचा मोह अजिबात धरू नये.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीजवादळे येतात. सकाळी लवकर निघून बारापर्यंत परतीला लागावे. गडगडाट ऐकू आलाच तर उघडा काठ आणि एकटे झाड सोडून, एकसारख्या उंचीच्या झाडीत खाली उतरावे.

उन्हाळ्यात दिवसा खासगी गाड्यांना वर सरसकट प्रवेश नसतो. ॲस्पेन हायलँड्सहून सुटणाऱ्या बसची जागा किंवा गाडी उभी करण्याचा परवाना आधी आरक्षित करावा लागतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. ती चुकली तर डांबरी रस्त्याने कित्येक किलोमीटर पायपीट होते. मुक्कामाला परवाना आणि अन्नासाठी अस्वलाला न उघडणारा डबा सक्तीचा आहे.

तळ्याजवळ वाटेला फाटे फुटतात: एक बकस्किन खिंडीकडे, दुसरा वेस्ट मरून खिंडीकडे. दोन्ही खिंडी ३,८०० मीटरच्या आसपास असून त्यांची चढाई सोप्या सहलीत धरू नये.