डिझेल गाडीचं ॲव्हरेज पडलं? आधी इंजिन किती गरम होतंय ते बघा

"आपल्याकडे एवढं ऊन, थर्मोस्टॅट हवाच कशाला? तो थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो." हायवेलगतच्या गॅरेजमध्ये हे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. गाडी घाटात एकदा तापली की पहिला बळी थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणाऱ्या झडपेचा, जातो. तो काढून टाकला की तापमानाचा काटा खाली येतो आणि मालक निर्धास्त होतो. काही महिन्यांनी तोच मालक ॲव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये जातो. मग पंप उतरवा, नोझल तपासा, इंजेक्टर बदला, अशी खर्चाची रांग लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे कुणी त्याला सांगत नाही. म्हणून हा लेख.

छोट्या डिझेल गाड्यांचा विषय आता बहुतांशी जुन्या गाड्यांचाच राहिला आहे. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीसकट बऱ्याच कंपन्यांनी छोटी डिझेल इंजिनं बंद केली. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावला तयार व्हायचं. स्विफ्टमध्ये ते डीडीआयएस नावाने आलं, इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावाने. ते इंजिन असलेल्या सर्वांत नव्या गाडीलाही आता पाच वर्षं उलटून गेली आहेत. अशा गाडीने पूर्वी लिटरला वीस दिले आणि आता पंधरावर आली, तर काय तपासायचं?

सगळ्यात आधी मोजमाप. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा हा ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, अंदाज असतो, तो पुरावा म्हणून धरू नका. टाकी फुल्ल करायची, पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा तसंच भरायचं. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करा, जाहिरातीतल्या आकड्याशी नको. तो आकडा प्रमाणित चाचणीतला असतो. गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठेवून, एसी बंद करून, ठरावीक वेगांच्या वेळापत्रकाने चालवतात. त्या वेळापत्रकात ताशी ९० किलोमीटरच्या वर वेग जातच नाही.

टायर नुकतेच बदलले असतील तर तेही ध्यानात घ्या. गुळगुळीत टायरचा घेर थोडा कमी असतो, त्यामुळे जुन्या टायरवर मीटर एक-दोन टक्के जास्त किलोमीटर दाखवत होता. नवे टायर टाकल्यावर तो फुगवटा जातो, शिवाय नव्या जाड टायरला फिरवायला थोडी जास्त ताकदही लागते. गाडीत बिघाड काहीच नसतो.

मग हाताने कळणाऱ्या गोष्टी. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. टायरमधली हवा थंड असताना तपासा. एअर फिल्टर उजेडात धरून तुंबला आहे का ते पाहा. टर्बोकडून येणारा जाड रबरी होज चिरलेला असेल तर गाडी उचल घेत नाही, दाबलं की काळा धूर सोडते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. या सगळ्याला अर्धा तास पुरतो.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो, म्हणजे इंजिनाच्या तापमानाकडे.

इंजिन जितकं थंड तितकं चांगलं, अशी एक समजूत खोलवर रुजलेली आहे. ती चूक आहे. इंजिनातलं पाणी साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सिअसवर असावं असं धरूनच सगळं इंजिन आखलेलं असतं. सिलिंडरची भिंत गार असली तर ज्वलनाची उष्णता तिकडे वाया जाते, हे एक कारण नेहमी सांगतात, पण त्याचा वाटा किरकोळ आहे. ज्वलनाच्या क्षणी वायू दोन हजार अंशांच्या आसपास असतो. त्याच्यापुढे भिंत तीस अंशांनी गार काय किंवा गरम काय, फारसा फरक पडत नाही. खरी चोरी दोन वेगळ्या जागी होते.

पहिली जागा तेल. जुन्या डिझेल गाड्यांत सर्रास वापरलं जाणारं १५डब्ल्यू-४० तेल ६० अंशांवर जेवढं घट्ट असतं, ते ९० अंशांवरच्या घट्टपणाच्या साधारण अडीच पट भरतं. बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा, ऑइल पंप, सगळे त्या घट्ट तेलातून वाट काढत फिरतात. घर्षण काही अडीच पट होत नाही, पण वाढतं नक्की. शहरात गाडी हळू चालते, इंजिनावर भार कमी असतो, तेव्हा जळणाऱ्या डिझेलचा मोठा हिस्सा या घर्षणातच खर्च होतो. म्हणून गार इंजिनाचा फटका हायवेपेक्षा गावात जास्त बसतो.

दुसरी जागा ईसीयू. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर '६५ अंश' म्हणाला की ईसीयू समजतो की गाडी अजून सकाळची गारच आहे. मग तो आयडलिंगचे आरपीएम चढे ठेवतो, इंजेक्शनची वेळ बदलतो, मुख्य फवाऱ्याआधीच्या छोट्या फवाऱ्यात जास्त डिझेल देतो. दोन-चार मिनिटांपुरती असलेली ही व्यवस्था मग दिवसभर चालू राहते.

इंजिन वेळेत गरम करून त्याच तापमानावर धरून ठेवायचं काम थर्मोस्टॅटचं. याच्यात वीज नाही, तार नाही, कसलीही चिप नाही. आत आहे मेण. मेणबत्ती विझल्यावर वितळलेलं मेण गोठताना मधोमध खळगा पडतो, तो सगळ्यांनी पाहिला असेल. मेण गोठताना आकसतं आणि वितळताना फुगतं, तेही दहा-पंधरा टक्क्यांनी. पाण्याच्या वाफेवर किंवा पाऱ्यावर चालणाऱ्या यंत्रांचं कौतुक शाळेत भरपूर होतं, मेणाचं कुणी करत नाही. सर्जियस व्हर्ने या संशोधकाने १९३० च्या दशकात अमेरिकेत या फुगण्याला कामाला लावलं. त्याआधीच्या थर्मोस्टॅटमध्ये चटकन उडून जाणारा द्रव भरलेली धातूची घडीदार डबी असे. ती पाण्याच्या दाबानेही चेपली जायची, त्यामुळे बंद, दाबाखालच्या कूलिंगमध्ये तिचा भरवसा नव्हता. मेणाला त्या दाबाने काही होत नाही.

रचना अशी. पितळेच्या छोट्या बंद वाटीत मेण ठासून भरलेलं असतं. मेण उष्णतेचं वाईट वाहक, म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. मेणाच्या मधोमध रबरी नळी आणि तिच्यात एक गुळगुळीत पोलादी दांडी. मेण वितळून फुगलं की सगळ्या बाजूंनी रबर आवळतं आणि दांडीला बाहेर ढकलतं. पण दांडीचं वरचं टोक चौकटीला टेकलेलं असतं, ते हलू शकत नाही. म्हणून वाटीच खाली सरकते, आणि वाटीला जोडलेली झडप स्प्रिंगच्या विरोधात उघडते. पाणी गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप मिटवते. कोणतं मेण किती मिसळायचं यावर उघडण्याचं तापमान ठरतं. बऱ्याचदा तो आकडा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असा.

पुष्कळ थर्मोस्टॅटला खालच्या टोकाला आणखी एक चकती असते. मुख्य झडप बंद असते तेव्हा पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरतं. मुख्य झडप उघडत जाते तशी ही खालची चकती बायपासचं तोंड बंद करत जाते. आता असा थर्मोस्टॅट काढून टाकला तर काय होईल? बायपास कायमचा उघडा राहील. सपाट रस्त्यावर इंजिन गारठेल, आणि कसारा घाटात, जिथे प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तिथे काही गरम पाणी बायपासमधून तसंच गरम परत येईल. ज्या कारणासाठी थर्मोस्टॅट काढला, तेच दुखणं त्यामुळे वाढू शकतं.

आता 'आपल्याकडे ऊन' या मुद्द्याचा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी लिटरला वीस देत असेल, तर तासाला तीन लिटर डिझेल जळतं. एका लिटरमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे तासाला १०८ मेगाज्यूल, म्हणजेच ३० किलोवॅट. त्यातला साधारण पाव हिस्सा पाण्यात जातो असं धरा, म्हणजे सात-आठ किलोवॅट. हेच ७५ अश्वशक्तीचं इंजिन घाटात पूर्ण ताकद लावतं, तेव्हा पाण्यात जाणारी उष्णता याच्या चार-पाच पट होते, आणि रेडिएटर त्या हिशेबाने बनवलेला असतो. म्हणजे सपाट रस्त्यावर तो गरजेपेक्षा कितीतरी मोठा ठरतो. बाहेर ४० अंश असले तरी पाणी ९० वर ठेवायचं आहे, फरक ५० अंशांचा उरतोच. समोरून वारा येत असताना एवढ्या फरकावर तो मोठा रेडिएटर सात-आठ किलोवॅट सहज फेकून देतो. म्हणून झडप मिलिमीटरभर उघडी राहिली तरी इंजिन गार पडतं, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. त्यातून डिझेल इंजिन कमी भारावर मुळात कमी तापतं, त्यामुळे पेट्रोलपेक्षा डिझेल गाडीत हा दोष जास्त जाणवतो.

झडप उघडी का राहते? आपल्याकडे मोठं कारण म्हणजे बोअरचं पाणी. कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं साधं पाणी भरलं की क्षार साचतात, झडपेच्या कडेवर खर बसते आणि ती पूर्ण मिटत नाही. स्प्रिंग गंजून ढिली पडते ते वेगळंच.

तपासायला सकाळी गार गाडी हवी. इंजिन सुरू करा आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड होजला हात लावा. पंखा आणि बेल्टपासून बोटं, बाही, ओढणी दूर ठेवा, आणि गरम गाडीत रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी असतो. तो ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो, मग एकदम चटका बसण्याइतका तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप गळते आहे. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत तो ७५ पासून शंभरच्या पुढेपर्यंत मधोमधच उभा राहील असा मुद्दाम ठेवलेला असतो. साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूमधले आकडे वाचून दाखवणारं यंत्र, लावून खरा आकडा पाहा. उत्तम जागा म्हणजे घाट उतरताना. गिअरमध्ये गाडी उतरत असते तेव्हा डिझेल बंद असतं, उष्णता जवळपास तयारच होत नाही. चांगला थर्मोस्टॅट मिटतो आणि आकडा फारसा ढळत नाही. गळका असेल तर बघता बघता ८५ चे ६५ होतात. हिवाळ्यात हीटर नुसताच कोमट वारा देत असेल, तर तीही हीच खूण.

सेन्सरच खोटं बोलत नाही ना, हेही पाहा. रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. मल्टिमीटर असेल तर बऱ्याच गाड्यांतला सेन्सर २० अंशांना अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास दाखवतो.

थर्मोस्टॅट काढून घेतल्यावर घरच्या गॅसवरही त्याची परीक्षा होते. मिटलेल्या झडपेत एक दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यानेच तो पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टक्कन पातेल्यात पडतो. त्या क्षणीचं तापमान कोरलेल्या आकड्याच्या जवळपास हवं. मुळात दोरा अडकतच नसेल, तर पाणी तापवायचीही गरज नाही.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. डिझेलच्या नळीवर बांधायची चुंबकं, ओबीडीत खुपसायची 'इंधन बचत' डबी, टाकीत टाकायच्या गोळ्या, हे सगळं पैसे वाया घालवणं आहे. डिझेल म्हणजे हायड्रोकार्बनचं मिश्रण. चुंबकाचा त्याच्यावर होणारा परिणाम इतका क्षीण असतो की त्याने जळण्यात काही बदलत नाही. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने अशी चुंबकं प्रत्यक्ष तपासली, फायदा दिसला नाही. ज्या पैशांत हे विकत घेतात, त्यात बहुतेक गाड्यांचा नवा थर्मोस्टॅट येतो.

तापमान चोख निघालं तरच इंजेक्टरकडे वळा, आणि तेही मोजून. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल घेणाऱ्या, इंजेक्टरमधून थोडं डिझेल टाकीकडे परत जातं. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवतात. एका बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त साचलं, तर त्या इंजेक्टरची आतली झडप झिजली आहे. ही चाचणी न करता चारही इंजेक्टर बदलायला सांगणाऱ्याला आधी बाटल्या लावायला सांगा. मात्र सोळाशे बारपर्यंत दाबाने इंजेक्टरकडे डिझेल आणणाऱ्या नळ्या स्वतः कधीही सोडू नका, तो फवारा कातडीतून आत घुसतो.

नवा थर्मोस्टॅट बसवताना त्याच्या कडेच्या भोकातली हलती छोटी पिन वरच्या बाजूला आली पाहिजे, तिथून अडकलेली हवा निघून जाते. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून भरा, हीटर चालू ठेवून हवा काढा, आणि पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल्ल करा.